जब्दीचे खलाशी

या वेळचं पत्र वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं लिहिणाऱ्यांनी सांगितलंय. पत्र सात पानी होतं, म्हणून थोडं आवरून देते.

"प्रभूची स्तुती असो, ताई. माझं वय 34. वडील, धाकटा भाऊ आणि मी मिळून बोट चालवतो. लहानपणापासून चर्चमध्ये आहे. गायनमंडळात गायलो, सणाच्या कमिटीत राबलो, पण खरं सांगायचं तर सवयीने. यंदा उपवासकाळात मित्राने ओढून रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला नेलं. चौथ्या रात्री आराधनेत काय झालं ते सांगता येत नाही. येशू मला नावानिशी ओळखतो, एवढं कळलं आणि मी ढसाढसा रडलो. त्यानंतर दारू सुटली. भावाशी दोन वर्षं अबोला होता, घरी येऊन मीच आधी बोललो. आता बोटीवर मन लागत नाही. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान यांनी जाळी टाकली आणि ते त्याच्यामागे गेले. मलाही माझा हिस्सा भावाच्या नावावर करून पूर्ण वेळ प्रभूचं काम करायचंय. रिट्रीटवाले म्हणतात, ये, सेवा कर. ऑगस्टमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे लोकांपुढे माझा अनुभव सांगायला बोलावलंय. बाबा बोलायचे बंद झालेत. बायको बाजारात मासळी विकते, दोन मुलं शाळेत आहेत. ती म्हणते, 'तुम्हाला येशू भेटला, चांगलं झालं. मला कोण भेटणार?' आधीची माझी चर्चमधली वर्षं फुकट गेली का? आणि प्रभूची इच्छा कशी ओळखायची? (रिट्रीटच्या महिनाभर आधी आमच्या बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये एका खलाशाची दोन बोटं गेली. जव्हारकडचा होता. गाडीभाडं आणि चार हजार देऊन घरी पाठवला. परत आला नाही, आमची बारा हजारांची उचल त्याच्याकडे बुडाली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून मित्र रिट्रीटला घेऊन गेला.)"

भाऊ,

चौथ्या रात्री तुम्हाला जे झालं ते खरं की खोटं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि मीही काढणार नाही. रिट्रीटमध्ये रडू पुष्कळांना येतं. मंद दिवे, संथ गाणी आणि चार दिवस मोबाइल बंद, एवढ्यानेही डोळे भरतात. पण एकाच बोटीवर एकमेकांकडे पाठ करून दोन वर्षं काढलेल्या भावाशी घरी येऊन आधी आपण बोलायचं, हे गाण्यांनी होत नाही. कोळीवाड्यात भावाभावांचा अबोला कसा असतो ते मला ठाऊक आहे. जाळं दोघं मिळून ओढतात, पण शब्द एक नाही. तो तुम्ही मोडलात. तुमच्या सात पानांत मला सर्वांत भरवशाची वाटली ती ही ओळ.

आता त्या चार कोळ्यांकडे येऊ, कारण तुमचा सगळा भार त्यांच्यावर आहे. मार्कचा पहिला अध्याय पुन्हा उघडा आणि विसावी ओवी सावकाश वाचा. याकोब आणि योहान बापाला सोडून गेले, एवढंच तिथे नाही. त्यांचा बाप जब्दी मागे राहिला तो चाकरांसह राहिला, असं मार्क लिहितो. मोलाने लावलेली माणसं, म्हणजे आपल्या भाषेत खलाशी. चार शुभवर्तमानांपैकी हा तपशील फक्त मार्कने दिला आहे. म्हाताऱ्या बापाला भरतीत एकटा टाकून मुलं गेली नाहीत. बोट होती, जाळी होती, हात होते, धंदा चालू राहिला. तुम्ही गेलात तर तुमच्या बाबांबरोबर बोटीत कोण राहणार? भाऊ एकटा. आणि खलाशी? त्यांच्याकडे मी येणारच आहे.

आणखी एक. त्या चौघांनी जाळी टाकली खरी, पण पुनरुत्थानानंतर पेत्र पुन्हा मासे धरायला जाताना दिसतोच की! योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तो म्हणतो, मी मासे धरायला जातो, आणि बाकीचे त्याच्याबरोबर निघतात. म्हणजे बोट कुणी जाळली नव्हती. रात्रभर काही लागलं नाही. उजाडता उजाडता प्रभू किनाऱ्यावर उभा, कोळशावर मासळी भाजलेली, भाकर तयार. त्याने पेत्राला जे विचारलं ते न्याहारी झाल्यावर. दमलेल्या, भुकेल्या माणसाला त्याने आधी खाऊ घातलं. ताज्या उत्साहातल्या लोकांना हे लवकर कळत नाही, असं माझं मत आहे. ते आधी प्रश्न विचारतात, न्याहारीचं नंतर बघतात.

आता तुमच्या कंसाकडे. सात पानांच्या पत्रात तुम्ही एकच गोष्ट कंसात घातलीत, आणि अख्ख्या पत्राचं मूळ तीच आहे. तुम्हीच लिहिलंय की मन थाऱ्यावर नव्हतं ते तिथपासून. म्हणजे रिट्रीटच्या दारापर्यंत तुम्हाला कोणी आणलं? मित्राने आणलं, हे अर्धं खरं. त्या जव्हारच्या माणसाच्या हाताने आणलं. आणि रिट्रीट झालं, रडून झालं, भावाशी बोलणं झालं, दारू सुटली, तरी वहीत अजून काय आहे? त्याच्याकडे बारा हजार येणे.

भाऊ, येणे की देणे?

मी बंदरावरची नाही, पण मासळीबाजाराच्या तोंडाशी राहते. विंचचा दोर हाताला गुंडाळला गेला की डोळ्याचं पातं लवायच्या आत काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून ऐकलंय. उजवा हात असेल तर त्याला पुन्हा जाळं ओढता येणार नाही, भातलावणीला मूठ धरता येणार नाही. आता पाऊस लागलाय. तिकडे आवणं चालू असतील आणि तो बांधावर बसून असेल. सीझनआधी उचल घ्यायची आणि सीझनभर ती फेडत राहायचं, या रिवाजावर आपली बंदरं चालतात. तो रिवाज तुम्ही काढलेला नाही. पण ज्याचा हात तुमच्या बोटीवर गेला त्याच्याकडून उचल येणे आहे असं लिहिताना तुमचं पेन अडखळलं नाही, हे मला सांगायला हवं. कंस घातलात, म्हणजे कुठेतरी अडखळलं असेलही.

जक्कयची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. उंबराच्या झाडावरचा तो बुटका जकातदार लहान मुलांना फार आवडतो, त्यामुळे मोठे लोक गोष्टीचा शेवट नीट ऐकत नाहीत. येशू त्याच्या घरी गेला. लूकच्या शुभवर्तमानात येशू त्याला झाडावरून खाली उतर म्हणतो, त्यापलीकडे काहीच करायला सांगत नाही. नाका सोड म्हणत नाही, माझ्यामागे ये म्हणत नाही. जक्कय आपणहून उभा राहतो आणि हिशेब मांडतो: निम्मी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणूक स्वतःहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरायचा होता. चौपट भरायचं ते मेंढरू चोरून कापणाऱ्याने. जक्कयने स्वतःला चोराचा दर लावून घेतला. मग येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं. नंतर त्याने जकातीचं काम सोडलं की नाही, हे लूक सांगतच नाही. लूकला त्याची गरज वाटली नसावी.

मत्तयने मात्र नाका सोडला. तोही जकातदारच. म्हणजे एकाच धंद्यातले दोघे, भेटणारा एकच, आणि वाटा दोन. तेव्हा 'येशू भेटला की धंदा सोडायचाच' असं कुणी सांगितलं तर त्याला या दोघांची नावं सांगा.

तुमच्या हातात दोन महिने आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोट वर ओढलेली, जाळी शिवायला बसलेली माणसं. याच दिवसांत जव्हारला जा. पत्ता नसेल तर दुसऱ्या खलाशांना असतो, त्यांची एकमेकांना खबर असते. भावाला बरोबर न्या, शक्य झालं तर बाबांनाही. जाताना वहीत उचलीवर काट मारून जा, तिथे जाऊन मोठेपणाने माफ करू नका, कारण ते माफ करण्यासारखं काही नाहीच. उरलेल्या सीझनची त्याची मजुरी मोजा. दवाखान्याचा खर्च त्याने कुठून केला ते विचारा, आणि बहुधा तिथेही कुणाची तरी उचल निघेल.

विम्याचंही बघा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, रुग्णालयात राहावं लागलं तर 25 हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, माणसाच्या खिशातून काही जात नाही. पण नाव नोंदलेलं लागतं, आणि बाहेरगावच्या खलाशांची नावं नोंदायची राहून जातात. तुमच्या मच्छीमार सोसायटीत जाऊन याचं नाव यादीत होतं का ते पाहा. असेल तर डॉक्टरांचे कागद घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चकरा मारायला तो येऊ शकणार नाही, तुम्ही मारा. नसेल तर ती रक्कम कोणी भरायची, हा प्रश्न तुमच्या घरात बसून तिघांनी सोडवायचा आहे. मी आकडा सांगणार नाही. जक्कयलाही कुणी सांगितला नव्हता.

आणि एक विनंती. तिथे गेल्यावर त्याला साक्ष देऊ नका. रिट्रीटहून ताजा आलेला माणूस कुणालाही साक्ष देतो, रिक्षावाल्यालासुद्धा. तुम्ही कोणत्या देवाचे ते त्याला आधीच माहीत आहे, तुमच्या बोटीवर क्रूस रंगवलेला असणार. त्याच क्रुसाखाली त्याची बोटं गेली आणि त्याच क्रुसाखालून त्याला चार हजार देऊन वाटेला लावला. आता हातात पत्रक नको, पाकीट असू दे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात उजवीकडे उभे राहिलेले लोक आठवा. 'प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिला?' असं ते विचारतात. आपण कुणाची सेवा केली याचा त्यांना पत्ताच नव्हता.

बायकोने विचारलेला प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून लिहिलाय. मला तो तसा वाटला नाही. ती पहाटे तीनला उठते, बर्फ फोडते, टोपल्या टेम्पोत चढवते, उन्हात बसून गिऱ्हाइकाशी दहा रुपयांसाठी भांडते. घरी येते तर नवरा प्रार्थनेला बसलेला. पूर्वी दारूला बसायचा. बसण्यात फरक पडला हे तिला मान्य आहे म्हणूनच ती 'चांगलं झालं' म्हणाली. पण तिच्या टोपल्या कोण उचलणार, यात काय फरक पडला? पेत्राच्या सासूची गोष्ट मार्कने तीन ओव्यांत उरकली आहे: ताप होता, त्याने हात धरून उठवलं, ताप गेला, ती त्यांची सेवा करू लागली. ना भाषण, ना साक्ष. घरात चार माणसं आली होती, त्यांना जेवायला घालायचं होतं. उद्या पहाटे तीनला उठा. बंदी आहे, बाजारात आइसची मासळी आहेच. आठवडाभर तरी बर्फ तुम्ही फोडा, मग ती काय म्हणते ते मला कळवा.

आधीची वर्षं फुकट गेली का, हा तुमचा प्रश्न वाचून मला पंडिता रमाबाई आठवल्या. बाप्तिस्मा त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुलींना शिकवलं, त्यासाठी नको नको ते ऐकून घेतलं. आणि बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. पण म्हणून सदनातल्या मुलींची ती वर्षं फुकट गेली, असं कोण म्हणेल? त्या मुली शिकल्याच. रमाबाईंनी शारदा सदनाचं काम टाकून दिलं नाही. तेच काम पुढे असं वाढलं की 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेने मरायला टेकलेल्या मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तुम्ही सवयीने गायलेल्या गाण्यांनी मागच्या बाकावरच्या एखाद्या म्हातारीला बरं वाटलं असेल. ती रक्कम तुमच्या खात्यात नसली तरी तिच्या खात्यात जमा आहे.

आपल्या संत गोन्सालो गार्सियाचंही तसंच. जन्म वसईचा, 1557 च्या सुमाराचा. कोवळ्या वयात जेज्वीट या धर्मसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. त्यांच्या संघात जायची इच्छा होती, ते काही जमलं नाही, मग व्यापारात पडला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात शिरला, तोही साधा ब्रदर म्हणून, फादर नव्हे. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता आणि गोन्सालोला जपानी येत होती. क्योटोत त्यांनी कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला इतर 25 जणांबरोबर क्रुसावर मारलं. आपण त्याच्या मूर्तीला हार घालतो. त्या मूर्तीमागे एक नापास झालेला उमेदवार आणि एक व्यापारी उभा आहे, हे आपण विसरतो.

मग तुम्हाला काय येतं? वारं येतं, भरती-ओहोटी येते, सोसायटीतली माणसं येतात, खलाशांची बोली येते. तुमच्या बंदरावर सीझनमध्ये बाहेरगावचे किती खलाशी असतात, मोजलेत कधी? रात्री बोटीवरच झोपणारे, आजारी पडले तर दुकानातून गोळी आणून खाणारे, विम्याच्या यादीत नसलेले. यांच्यात तुम्ही सहज बसू शकता. रिट्रीटमध्ये वचन सांगणारे पुष्कळ मिळतील. खलाशाला दवाखान्यात नेऊन त्याच्या बाजूने डॉक्टरशी बोलणारा बोटमालक मला अजून भेटायचाय. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी चर्चची स्टेला मारिस ही सेवा 1920 मध्ये ग्लासगोत सुरू झाली. जुलैचा दुसरा रविवार त्यांच्यासाठी प्रार्थनेचा असतो. या जुलैत फादरांना भेटून विचारा, आपल्या बंदरावर काय करता येईल. प्रापंचिकांचं प्रेषितकार्य आपापल्या धंद्यात आणि संसारातच असतं, हे चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1965 मध्येच सांगून ठेवलंय. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक गरिबांच्या घरी जातात, ती 1833 मध्ये पॅरिसमधल्या कॉलेजच्या पोरांनी सुरू केली. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, लग्न केलं, एका मुलीचा बाप झाला, आणि गरिबांच्या घरी जाणं मरेपर्यंत चालू ठेवलं.

प्रभूची इच्छा कशी ओळखायची, याला माझ्याकडे यंत्र नाही. पण पुष्कळ रिट्रीट ज्याच्या पद्धतीने दिली जातात त्या जेज्वीट संघाच्या संस्थापकाने, संत इग्नेशियसने, साधना देणाऱ्यांनाच एक ताकीद देऊन ठेवली आहे. साधकाचं मन भरून आलंय, उत्साह उतू चाललाय, अशा वेळी त्याला घाईने व्रत किंवा वचन घेऊ देऊ नका. माणूस जितका हलक्या स्वभावाचा तितकं जास्त सांभाळा, असंही तो म्हणतो. तुम्हाला 'ये' म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं असायला हवं. तुमच्या हिश्शाचे कागद वर्षभर कुणाच्या नावावर करू नका. वर्षानंतरही ओढ तशीच राहिली, बायको आणि बाबा तुमच्याशी बसून बोलायला लागले, तर तुमच्या फादरांपुढे बसा. वाट बंद झाली असं मी म्हणत नाही.

गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस मात्र एकदा वाचा, मार्कचाच पाचवा अध्याय. थडग्यांत राहायचा, साखळदंड तोडायचा. बरा झाला. येशू परत निघाला, मचव्यात पाय ठेवत होता, तेव्हा याने विनवलं, मला तुझ्याबरोबर येऊ दे. माझ्या वाचनात ही एकच जागा अशी आहे जिथे कुणी एवढ्या प्रेमाने मागे यायला निघालं आणि प्रभूने बोटीत घेतलंच नाही. घरी जा, म्हणाला, तुझ्या माणसांकडे. त्या माणसांनी त्याला बांधून ठेवलं होतं, त्याच्या आरोळ्या ऐकल्या होत्या. त्याचं बदललेलं तोंड सर्वांत आधी त्यांना दिसायला हवं होतं. तुमच्या बाबतीत ती माणसं कोण, हे तुम्हाला कळलं असेल. बाबा, बायको, भाऊ, आणि जव्हारला एक जण.

राहिली ऑगस्टची साक्ष. तारीख पुढे ढकला. आयोजकांनी कारण विचारलं तर सांगा, हिशेब अजून चालू आहे.

तुमची ताई